जनुकांचा कौल आणि एचआयव्हीचा वेग

एचआयव्हीची बाधा झाल्याचे निदान झाले की 'आता हाती किती वर्षे?' हाच प्रश्न रुग्णाच्या आणि त्याच्या कुटुंबीयांच्या मनात सर्वप्रथम उभा राही. प्रभावी औषधे उपलब्ध नव्हती त्या काळात डॉक्टरांपाशी या प्रश्नाचे उत्तर होते ते केवळ सरासरीचे. उपचार न घेतल्यास बाधेपासून एड्सची अवस्था येईपर्यंत साधारणतः दहा वर्षांचा काळ जातो, असे निरीक्षण होते. परंतु ही सरासरी फसवी होती. कुणाची प्रकृती दोन-तीन वर्षांतच ढासळे, तर कुणी पंधरा-वीस वर्षे कोणत्याही औषधाविना ठणठणीत राही. हा फरक कशामुळे पडतो, याचा शोध घेता घेता संशोधक माणसाच्या जनुकांपर्यंत पोहोचले आणि जनुकीय चाचणीवरून आजाराचा वेग आधीच सांगता येईल, अशी आशा निर्माण झाली. तीन दशकांनंतर त्या आशेचा हिशेब मांडला, तर विज्ञानाची बाजू भरभक्कम दिसते, भविष्यकथनाची मात्र तोकडी. शिवाय ज्या प्रश्नासाठी ही चाचणी हवी होती, तो प्रश्नच वैद्यकशास्त्राने दरम्यानच्या काळात बदलून टाकला आहे.

या संशोधनाला खरी दिशा मिळाली ती १९९६ साली. एचआयव्ही हा विषाणू रक्तातील सीडी-४ या पांढऱ्या पेशींमध्ये शिरून त्यांचा नाश करतो, हे १९८० च्या दशकातच ठाऊक झाले होते. मात्र पेशीत शिरण्यासाठी त्याला पेशीच्या पृष्ठभागावरील आणखी एका प्रथिनाची मदत लागते, हे १९९६ मध्ये उघड झाले. दाराला कडी आणि कुलूप दोन्ही असावीत आणि दोन्ही उघडल्याशिवाय आत जाता येऊ नये, तसा हा प्रकार. या दुसऱ्या प्रथिनाचे नाव सीसीआर-५. काही माणसांमध्ये हे प्रथिन घडवणाऱ्या जनुकातील ३२ अक्षरांचा तुकडा जन्मतःच गळालेला असतो, असेही त्याच वर्षी आढळले. या बदलाला 'डेल्टा-३२' असे नाव मिळाले. ज्यांना हा बदललेला जनुक आई आणि वडील या दोघांकडूनही मिळतो, त्यांच्या पेशींवर हे प्रथिन उमटतच नाही. विषाणूच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकाराला त्यांच्या शरीरात जवळजवळ प्रवेशबंदी असते. ज्यांना तो एकाच पालकाकडून मिळतो, त्यांना बाधा होऊ शकते. परंतु त्यांच्यात आजार सरासरीने दोनएक वर्षे उशिरा बळावतो. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे दहा ते वीस टक्के व्यक्तींकडे या जनुकाची एक प्रत, तर सुमारे एक टक्का व्यक्तींकडे दोन्ही प्रती आढळतात.

सीसीआर-५ पाठोपाठ लक्ष वेधले ते एचएलए या जनुकसमूहाने. पेशीच्या आत विषाणू शिरला असेल, तर त्याचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर मांडून रोगप्रतिकारक यंत्रणेला वर्दी देण्याचे काम या जनुकांनी घडवलेली प्रथिने करतात. ही वर्दी जितकी नेमकी, तितका प्रतिकार परिणामकारक. एचएलए-बी ५७ आणि बी २७ हे प्रकार ज्यांच्याकडे असतात, त्यांच्यात आजाराची गती बहुधा संथ असते. बी ३५ च्या काही उपप्रकारांत ती वेगवान असते. २००७ मध्ये संपूर्ण जनुकसंच चाळून केलेला एक मोठा अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि त्यातही बोट दाखवले गेले ते याच जनुकसमूहाकडे. बाधितांपैकी सुमारे तीनशेत एखादी व्यक्ती औषधाविना विषाणूला दीर्घकाळ काबूत ठेवते. अशा व्यक्तींचा आंतरराष्ट्रीय अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या शरीरातील या नियंत्रणाचा संबंध एचएलए-बी प्रथिनाच्या खाचेतील मोजक्या अमिनो आम्लांशी आहे, असे त्यातून दिसून आले. लस आणि नव्या औषधांच्या दृष्टीने हे ज्ञान मोलाचे होते, यात शंका नाही.

प्रयोगशाळेतील हे ज्ञान बाजारात यायला मात्र फार वेळ लागला नाही. लाळेचा नमुना टपालाने पाठवा आणि आपल्या जनुकांचा अहवाल घरबसल्या मिळवा, अशी सेवा २००७ च्या अखेरीस अमेरिकेत 'ट्वेंटीथ्री अँड मी' या कंपनीने सुरू केली. पुढे अशा अहवालांत डेल्टा-३२ लाही स्थान मिळाले. वंशावळीपासून कर्करोगापर्यंतच्या भाकितांच्या शेजारी एचआयव्हीचा प्रतिकारही एका ओळीत सामावला. नोव्हेंबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आवश्यक मंजुरीअभावी या कंपनीला आरोग्यविषयक अहवालांची विक्री थांबवण्यास सांगितले. पुढे काही चाचण्यांना टप्प्याटप्प्याने मंजुरी मिळाली. परंतु मूळ आक्षेप कायम राहिला. एखाद्या जनुकाचा समूहावर दिसणारा परिणाम आणि एका व्यक्तीचे भवितव्य या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि कागदावरचा छापील अहवाल हे अंतर सहज पुसून टाकतो.

हे अंतर किती मोठे आहे, हे समजून घेणे अगत्याचे आहे. डेल्टा-३२ ची एक प्रत असलेल्यांचा समूह आणि ती नसलेल्यांचा समूह यांची तुलना केली, तर सरासरीत दोनएक वर्षांचा फरक दिसतो. पण दोन्ही समूहांत झपाट्याने आजारी पडणारेही असतात आणि वर्षानुवर्षे तग धरणारेही. त्यामुळे 'अनुकूल' जनुक असलेली एखादी व्यक्ती तो नसलेल्या दुसऱ्या व्यक्तीपेक्षा कितीतरी लवकर आजारी पडू शकते. एचएलए-बी ५७ असलेल्या बहुसंख्य बाधितांनाही विषाणू औषधाविना काबूत ठेवता येत नाही. युरोपीय वंशाच्या सहा हजारांहून अधिक बाधितांच्या अभ्यासातून २०१५ मध्ये जो निष्कर्ष निघाला, तो या दृष्टीने बोलका आहे. रक्तातील विषाणूंच्या प्रमाणात व्यक्तीगणिक जो फरक आढळतो, त्यापैकी सुमारे २५ टक्के फरकाचाच उलगडा माणसाच्या जनुकांवरून होतो. उरलेल्या तीन चतुर्थांशाचे मूळ अन्यत्र शोधावे लागते.

याउलट आजाराची गती मोजण्याचे थेट साधन १९९६ पासूनच डॉक्टरांच्या हाती आहे. रक्तातील विषाणूंचे प्रमाण आणि सीडी-४ पेशींची संख्या या दोन चाचण्यांचा अर्थ सांगताना त्या काळी रेल्वेगाडीचे उदाहरण दिले जाई. गाडी किती वेगाने धावते आहे हे विषाणूंचे प्रमाण सांगते, तर पुढचा तुटलेला पूल किती अंतरावर आहे हे सीडी-४ पेशींची संख्या सांगते. जनुकांचा, वयाचा, इतर संसर्गांचा आणि खुद्द विषाणूच्या स्वभावाचा जो काही एकत्रित परिणाम व्हायचा, तो या मोजमापात आपोआप उतरलेला असतो. मनगटावर घड्याळ असताना अंगणातील सावलीवरून वेळ ओळखण्यात जितका शहाणपणा आहे, तितकाच या दोन चाचण्या उपलब्ध असताना जनुकांवरून वेग ओळखण्यात आहे.

भारतीयांच्या बाबतीत तर हे भाकीत आणखी दुबळे ठरते. डेल्टा-३२ हा बदल प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांत आढळतो; भारतात तो अत्यंत विरळ आहे. मुंबई-पुण्यातील एखाद्याने ही चाचणी करून घेतली, तर उत्तर जवळजवळ निश्चितपणे 'नाही' असेच येणार. पण ते उत्तर इथल्या बहुतेक सर्वांनाच लागू असल्याने त्यातून त्या व्यक्तीविषयी नवे असे काहीच कळत नाही. शिवाय या विषयावरील बरेचसे मोठे अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवर आणि पाश्चात्त्य देशांत प्रचलित असलेल्या विषाणूच्या 'बी' उपप्रकारावर झालेले आहेत. भारतात प्राबल्य आहे ते 'सी' उपप्रकाराचे. तिथले निष्कर्ष उचलून इथल्या रुग्णाच्या हाती देणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा त्याच्या अंगावर चढवण्यासारखे आहे.

या क्षेत्रातील काही गाजलेले निष्कर्ष पुढे टिकले नाहीत, हेही लक्षात घेतले पाहिजे. सीसीएल-३एल-१ या जनुकाच्या प्रती ज्यांच्याकडे आपल्या समाजाच्या सरासरीहून कमी असतात, त्यांना बाधेचा धोका अधिक आणि आजाराची गतीही वेगवान, असे २००५ मध्ये 'सायन्स'मधील एका शोधनिबंधाने मांडले होते. त्याची जगभर चर्चा झाली. २००९ मध्ये अन्य संशोधकगटांनी तीच पडताळणी केली, तेव्हा तो संबंध त्यांना आढळला नाही. ज्या डेल्टा-३२ विषयी इतके लिहिले गेले, त्याच्या दोन प्रती असलेल्यांचे आयुष्य कमी भरते, असा दावा २०१९ च्या जूनमध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला आणि माहितीतील त्रुटी ध्यानात आल्यावर त्याच वर्षी तो मागे घेण्यात आला. विज्ञान असेच स्वतःला तपासत पुढे जाते. त्यात गैर काही नाही. परंतु पहिला निष्कर्ष छापून येणे आणि त्याची दुरुस्ती होणे यांत काही वर्षे जातात, आणि त्या काळात कुणी त्या निष्कर्षावर आपल्या आयुष्याचे निर्णय बेतले असतील, तर त्यांची भरपाई कुणी करू शकत नाही.

माणसाच्या जनुकांवर सारे लक्ष केंद्रित करताना विषाणूलाही जनुके असतात, याचा विसर पडतो. ऑस्ट्रेलियात सिडनी येथील एकाच रक्तदात्याचे रक्त मिळालेल्या अनेक व्यक्तींना एचआयव्हीची बाधा झाली. पण त्या वर्षानुवर्षे निरोगी राहिल्या. त्यांची प्रतिकारशक्ती असामान्य असावी, असे कुणालाही वाटले असते. १९९५ मध्ये उलगडा झाला तो वेगळाच. त्या रक्तदात्याच्या शरीरातील विषाणूच लुळा होता. त्याच्या 'नेफ' नावाच्या जनुकाचा भाग गळालेला होता. एवढे असूनही त्यांच्यापैकी काहींच्या सीडी-४ पेशी पुढे घटू लागल्याच. याच्या नेमके उलट उदाहरण नेदरलँड्समध्ये सापडले. विषाणूच्या 'व्हीबी' या प्रकाराची माहिती २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याची बाधा झालेल्या १०९ व्यक्तींच्या रक्तात विषाणूंचे प्रमाण नेहमीच्या साडेतीन ते साडेपाच पट होते आणि सीडी-४ पेशींची घट दुप्पट वेगाने होत होती. अशा विषाणूची गाठ पडलेल्या माणसाला त्याच्या स्वतःच्या जनुकांचा अहवाल कितीही दिलासादायक असला, तरी तो काय कामाचा? मात्र याच अभ्यासातील दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. उपचार सुरू झाल्यावर या व्यक्तींची प्रकृतीही इतरांसारखीच सुधारली.

इथेच या साऱ्या चर्चेचा केंद्रबिंदू सरकतो. भारतात १ एप्रिल २००४ रोजी सरकारी कार्यक्रमात मोफत औषधोपचार सुरू झाले, मुंबईचे जे. जे. रुग्णालय हे त्यातील आरंभीच्या केंद्रांपैकी एक. त्या काळात सीडी-४ पेशींची संख्या २०० च्या खाली आल्यावर औषधे सुरू करण्याचा प्रघात होता. औषधे महाग होती, त्यांचे दुष्परिणामही जाचक होते. त्यामुळे योग्य वेळेची वाट पाहिली जाई. या प्रतीक्षेच्या काळात आजार किती वेगाने पुढे जाईल, या प्रश्नाला व्यावहारिक अर्थ होता. पुढे ही मर्यादा ३५० वर आणि मग ५०० वर नेण्यात आली. २०१५ मध्ये 'स्टार्ट' या चाचणीचे निष्कर्ष आले आणि मर्यादेचा प्रश्नच निकालात निघाला. ३५ देशांतील ४,६८५ बाधितांच्या या अभ्यासात, पेशींची संख्या भक्कम असतानाच ज्यांना औषधे देण्यात आली, त्यांच्यात गंभीर आजार वा मृत्यूचा धोका ५७ टक्क्यांनी कमी आढळला. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने निदान होताच उपचार करण्याची शिफारस केली आणि भारताने २०१७ मध्ये ती अंगीकारली. ज्यांच्यात आजाराची गती नैसर्गिकरीत्याच संथ असते, त्यांच्याही शरीरात विषाणूमुळे दाह धुमसत राहतो आणि त्याचा फटका हृदयासारख्या अवयवांना बसतो. आजार संथ असणे म्हणजे निरोगी असणे नव्हे. सर्वांनाच तातडीने औषध द्यायचे असेल, तर कुणाचा आजार मंदगती आणि कुणाचा द्रुतगती हे आधी जाणून घेण्यातून उपचारात काहीच फरक पडत नाही.

याचा अर्थ एचआयव्हीच्या संदर्भात जनुकीय चाचणी निरुपयोगी आहे, असा मुळीच नाही. तिने आपले मोल सिद्ध केले ते औषधाच्या निवडीत. अबाकाविर या औषधाने काही रुग्णांना तीव्र, प्रसंगी जिवावर बेतणारी ॲलर्जी होत असे. २००२ मध्ये तिचा संबंध एचएलए-बी ५७:०१ या प्रकाराशी जोडला गेला. २००८ मध्ये १९ देशांतील १,९५६ रुग्णांच्या अभ्यासाने असे दाखवून दिले, की आधी ही चाचणी करून ज्यांच्यात तो प्रकार आहे त्यांना हे औषध टाळले, तर ही ॲलर्जी जवळजवळ पूर्णपणे रोखता येते. ज्या जनुकप्रकाराकडे आजार संथ ठेवणारा मित्र म्हणून पाहिले गेले, तोच या औषधाच्या बाबतीत घातक ठरावा, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे. कोणताही जनुक निखळ चांगला वा वाईट नसतो. बर्लिनमध्ये २००७ साली टिमोथी रे ब्राऊन यांच्यावर रक्ताच्या कर्करोगासाठी मूळपेशींचे प्रत्यारोपण झाले, तेव्हा डॉक्टरांनी डेल्टा-३२ च्या दोन्ही प्रती असलेला दाता हेतुतः शोधला आणि ब्राऊन हे एचआयव्हीमुक्त झालेले जगातील पहिले रुग्ण ठरले. औषधांना दाद न देणारा विषाणू ओळखण्यासाठी विषाणूच्या जनुकांची चाचणीही अशीच उपयुक्त आहे. या सर्व उदाहरणांत चाचणीच्या उत्तरावर पुढची कृती अवलंबून आहे. वेगाच्या भाकितात नेमके तेच नाही.

रुग्णाला आणि डॉक्टरला ज्या उत्तराची गरज उरलेली नाही, ते उत्तर हवे असणारे अन्य कुणी असू शकते. नोकरी देणाऱ्याला हा माणूस किती वर्षे काम करील हे जाणायचे असते. विमा कंपनीला तो किती वर्षे हप्ते भरील याचे गणित मांडायचे असते. ही भीती काल्पनिक नाही. एका सार्वजनिक उपक्रमाने एचआयव्हीबाधित असल्याच्या कारणावरून काम नाकारलेल्या कामगाराच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये निकाल दिला. जो काम करण्यास सक्षम आहे आणि ज्याच्यापासून इतरांना धोका नाही, त्याला पुढे कधीतरी तो आजारी पडेल म्हणून आज नाकारता येणार नाही, असे या निकालाचे सार होते. आजाराच्या वेगाच्या भाकिताला न्यायालयाने त्या वेळीच वेसण घातली, असे म्हणता येईल.

एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा २०१७ मध्ये संमत होऊन १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्याने नोकरी, शिक्षण, आरोग्यसेवा यांतील भेदभावाला मनाई केली आणि चाचणीसाठी संमती व गोपनीयता बंधनकारक केली. परंतु विम्याच्या बाबतीत या कायद्याने एक फट ठेवली आहे. विमाशास्त्रीय अभ्यासाचा आधार असेल, तर वेगळी वागणूक देण्यास तिथे वाव आहे. 'अमुक जनुक असलेले लवकर आजारी पडतात' हे विधान अशा अभ्यासाचा वेष सहज धारण करू शकते. शिवाय कायद्यातील एचआयव्ही चाचणीची व्याख्या विषाणूची प्रतिपिंडे वा प्रतिजन शोधणाऱ्या चाचणीपुरती आहे. माणसाच्या जनुकांची चाचणी तीत बसत नाही. व्यक्तिगत विदा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यातही जनुकीय माहितीसाठी स्वतंत्र, अधिक कडक असा वर्ग नाही. अमेरिकेत २००८ मध्ये जनुकीय भेदभावाविरुद्ध कायदा झाला. पण तो आरोग्यविमा आणि नोकरीपुरता आहे, आयुर्विमा त्याच्या कक्षेबाहेर राहिला. त्याच देशातील 'ट्वेंटीथ्री अँड मी'च्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती २०२३ मध्ये चोरांच्या हाती लागली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा ग्राहकांचा जनुकीय साठा विक्रीयोग्य मालमत्तेच्या यादीत जाऊन बसला. परवलीचा शब्द फुटला तर बदलता येतो. जनुके बदलता येत नाहीत. ती एकट्याची नसतात, भावंडांची आणि मुलांचीही असतात.

तेव्हा आजाराचा वेग आज प्रत्यक्षात कशावर ठरतो, याचे उत्तर जनुकांच्या अहवालात नाही. ते दोन साध्या गोष्टींत आहे. निदान किती लवकर झाले आणि गोळ्या किती नियमित घेतल्या. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०२३ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २५ लाख एचआयव्हीबाधित आहेत आणि राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या महाराष्ट्राची आहे. बाधा झाल्याचे कळणे, उपचार सुरू होणे आणि विषाणू आटोक्यात राहणे या तीन पायऱ्यांपैकी भारतात पहिलीच सर्वांत कमकुवत राहिली आहे. लोक काय म्हणतील या धास्तीने चाचणी टाळली जाते, आणि क्षयासारखा संसर्ग बळावून माणूस रुग्णालयात दाखल झाल्यावर खरे कारण समोर येते. तोवर सीडी-४ पेशींचे जे नुकसान व्हायचे ते झालेले असते. सरकारी समुपदेशन व तपासणी केंद्रातील चाचणी मोफत आणि गोपनीय आहे. एआरटी केंद्रातील औषधेही मोफत आहेत. वेळीच उपचार सुरू करून ते नियमितपणे घेणाऱ्यांचे आयुर्मान आता इतरांच्या जवळपास जाऊन पोहोचले आहे. रक्तातील विषाणूचे प्रमाण चाचणीत न दिसण्याइतके खाली राखले, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला बाधा होत नाही, हेही सिद्ध झाले आहे.

देवापुढे कौल लावणाऱ्यालाही कौल मिळाल्यावर पुढे काय करायचे, हे ठरवावेच लागते. इथे कौल कोणताही येवो, पुढची कृती एकच आहे. धोरणकर्त्यांनी जनुकीय माहितीच्या गैरवापराची फट कायद्याने बुजवावी, विमा नियामकाने विमाशास्त्रीय अभ्यास म्हणजे काय याची व्याख्या काटेकोर करावी आणि आरोग्ययंत्रणेने निदानातील विलंब कमी करण्यावर भर द्यावा. 'किती वर्षे?' या जुन्या प्रश्नाला आज सर्वाधिक भरवशाचे उत्तर तपासणी केंद्रातील रक्ताच्या त्या एका थेंबातून मिळते, आणि ते जितके लवकर मिळेल, तितकी ती वर्षे वाढतात.